लेबलवर एवढी नावं कशाला? बॉल पायथन घ्यायच्या आधी पाच मिनिटं वाचा

आम्ही बॉल पायथन (घरी पाळतात तो लहान अजगर) वाढवून विकतो, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, की दोन पिल्लं आहेत, दोन्ही ब्राऊन, दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात, मग एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट कशी काय? तर ती जास्तीची किंमत जी आहे ना, ती न दिसणाऱ्या जीनची असते. प्रत्येक वेळी तोंडी समजावताना अर्धं राहून जातं म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

समजा डब्यावर लिहिलंय "पेस्टल मोहावे 66% हेट क्लाऊन, नर". हे एकेक शब्द करून वाचायचं.

पेस्टल आणि मोहावे या दोन गोष्टी तुम्हाला डोळ्यांनी दिसतात. पेस्टलमुळे पिवळा रंग उजळतो, मोहावेमुळे बाजूच्या पॅटर्नमध्ये एकेक ठिपका असलेले गोल येतात. यांना को-डॉम म्हणतात (शास्त्रवाले इनकम्प्लीट डॉमिनंट म्हणतात आणि बरोबर तेच आहे, पण धंद्यात को-डॉमच रुळलाय), म्हणजे आई किंवा बाप कुणा एकाकडून जीन आला तरी पुरे, रंग दिसतो. दोघांकडून आला तर "सुपर" होतो आणि कधीकधी ओळखूच येत नाही इतका बदलतो, सुपर मोहावे तर पांढराशुभ्र, निळे डोळे, फक्त डोक्यावर जरा राखाडी झाक.

क्लाऊन मात्र रिसेसिव्ह, अल्बिनो आणि पाइड (अंगावर मोठे पांढरे भाग असलेला) पण तसेच. दोन्हीकडून आला तरच दिसणार, एकाच बाजूने आला तर पिल्लू क्लाऊनच्या बाबतीत साधंच दिसणार पण जीन पोटात घेऊन फिरणार, त्याला म्हणायचं हेट. आता 66% ची भानगड. 66% म्हणजे सापात 66 टक्के क्लाऊन भरलाय असं नाही हो, हेट एकतर असतो नाहीतर नसतो! दोन हेट एकत्र आले की सरासरी चार पिल्लांत एक क्लाऊन, दोन हेट, एक बिनजीनचं. क्लाऊन तर दिसतोच, तो बाजूला काढला की उरलेल्या तिनांत दोन हेट, पण कुठले दोन ते बघून कळत नाही, म्हणून तिघांवरही 66% लिहितात. थोडक्यात तुम्ही एक शक्यता विकत घेताय. 100% हेट म्हणजे आईबापांपैकी एक जण स्वतःच क्लाऊन होता, तिथे शंकेला जागा नाही, अर्थात विकणारा खरं बोलत असेल तर.

इथे आम्ही स्वतः पोळलोय. एका ब्रीडरकडून 100% हेट पाइड म्हणून मादी आणली, शेपटीच्या मुळाशी पोटावर दोन काळ्या रेघा होत्या, हेट पाइडला त्या बऱ्याचदा असतात म्हणून आम्ही पण खूश. दोन सीझन पाइड नराबरोबर लावली, अकरा पिल्लं आणि त्यात पाइड एकही नाही. रेघा साध्या सापाला पण येतात, हे ऐकून माहीत होतं, तरी. खरी हेट असती तर निम्मी पिल्लं पाइड यायला हवी होती, अकरापैकी एकही न येण्याची शक्यता दोन हजारात एक! आता कातीवरून डीएनए टेस्ट होते, सगळ्या जीनची नाही पण बऱ्याच महत्त्वाच्या जीनची होते, त्यामुळे महाग हेट घेताना रिपोर्ट मागायला लाजू नका, आमच्याकडे पण मागा.

आता किंमत का पडते ते. पहिला अल्बिनो अमेरिकेत 1992 मध्ये ब्रीड झाला, त्याआधी घाना, टोगो, बेनिनमधून येणाऱ्या हजारो सापांत एखादाच वेगळ्या रंगाचा निघायचा. नव्या मॉर्फला (म्हणजे नव्या रंग-पॅटर्नच्या सापाला) त्या काळात पाच आकडी डॉलर मोजलेले लोक आहेत. मग काय होतं, की को-डॉम नर एक वर्षाचा झाला की एकाच सीझनमध्ये चार-पाच माद्यांना चालतो, प्रत्येकीची साधारण सहा अंडी, त्यातली निम्मी पिल्लं त्याच्याच रंगाची, म्हणजे एका सापाचे वर्षात बारा-पंधरा, आणि तेच ज्यांनी नेले त्यांच्याकडे पण. म्हणून आज पेस्टलला स्वतंत्र अशी किंमत जवळजवळ राहिलीच नाही. रिसेसिव्ह हळू उतरतात कारण आधी हेट काढा, ते मोठे करा, मग पुन्हा जोडी लावा, आणि मादी 1500 ग्रॅमची व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. मादी नरापेक्षा महाग असते ती पण याचमुळे. दोन रिसेसिव्ह एकत्र हवे असतील तर डबल हेट (दोन्ही जीनचे हेट) जोडीतून 16 मध्ये एक, आणि घरटं सहा अंड्यांचं. काही जण अंडी यायच्या आधीच हिशोब घालतात की इतके क्लाऊन पाइड विकून साप फुकट पडेल, बाजारात तुरी म्हणतात त्यातला प्रकार. कमाईसाठी घेताय तर आम्ही सरळ नको म्हणतो. साप 20-30 वर्षं जगतो, रंग आवडला तर घ्या.

बनाना नावाचा मॉर्फ घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तो जीन लिंग ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर बसलाय, त्यामुळे बनाना नराला जीन बापाकडून मिळाला असेल तर त्याची बनाना पिल्लं जवळपास सगळी नर, आणि आईकडून मिळाला असेल तर जवळपास सगळ्या माद्या. लेबलवर मेल मेकर / फिमेल मेकर लिहितात ते हे. आणि हो, लहानपणी स्वच्छ पिवळा दिसतो, वय वाढतं तसे काळे ठिपके येतात, तो आजार नाही, त्यासाठी रात्री फोन करू नका.

स्पायडर नावाचा मॉर्फ आम्ही ठेवत नाही. दिसतो सुंदर, पण मान डुगडुगते, उंदीर पकडताना नेम चुकतो, काही तर उलटे होऊन पडतात. आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असते, 2022 मध्ये स्कॅन करून ते दाखवलं गेलंय. जीनसोबतच येतं, चांगल्या ब्रीडिंगने जात नाही. बाहेर घेताना नावाकडे नीट बघा, बंबलबी म्हणजे पेस्टल अधिक स्पायडर, नावात स्पायडर शब्दच नाही! शॅम्पेनला पण डुगडुग असते. डेझर्ट माद्यांची अंडी अडकतात, त्या ब्रीडिंगला लावू नयेत. सुपर सिनॅमनमध्ये कधीकधी बदकासारखं तोंड किंवा वाकडा कणा निघतो, म्हणून असं पिल्लू घेताना हातात घेऊन पाठीवरून हलकंसं बोट फिरवून बघा.

पिल्लू आम्ही तीन वेळा खाल्ल्याशिवाय देत नाही. सोबत आईबापांचे फोटो, अंडी फुटल्याची तारीख आणि पहिली कात कागदी पाकिटात घालून देतो. ती फेकू नका, पुढे टेस्ट करायची झाली तर उपयोगी पडते, फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर ठेवू नका, बुरशी धरते.