लिव्हरपूलचा सिव्हिक डिझाइन विभाग

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ साली सुरू झालेला नगररचनेचा विभाग. आज तो भूगोल आणि नियोजन विभाग या नावाखाली येतो, पण नगररचनेच्या इतिहासात त्याचं नाव सिव्हिक डिझाइन असंच घेतलं जातं आणि त्याच्या एमसीडी (मास्टर ऑफ सिव्हिक डिझाइन) या पदवीतही हीच दोन अक्षरं बसलेली होती. जगातला पहिला नगररचना विभाग हा त्याचा दावा, त्या दाव्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी पैसा कुठून आला ते. विल्यम हेस्केथ लिव्हर हा सनलाइट साबणवाला. त्याच्या कामगारांसाठी १८८८ पासून मर्सी नदीच्या पलीकडच्या काठाला पोर्ट सनलाइट नावाचं गाव वसत होतं. (हाच साबण त्याच सुमाराला कलकत्त्याच्या बंदरात उतरला आणि पुढे १९३४ मध्ये शिवडीला याच कंपनीचा कारखाना निघाला, म्हणजे आपल्या आजीच्या न्हाणीघरातली पिवळी वडी याच घराण्यातली.) १९०६ मध्ये लिव्हरने इतर साबण कारखानदारांना एकत्र आणून धंद्याचा एक गट बांधायला घेतला, आणि कच्चा माल महाग झाला म्हणून भाव तोच ठेवून १६ औंसाची, म्हणजे पुऱ्या एका पौंडाची वडी १५ औंसाची केली. डेली मेल आणि त्याची भावंडं असलेले पेपर यावर तुटून पडले, पौंडात १५ औंस मोजणारे लोक अशी यथेच्छ टर उडवली, लिव्हरचा खप धाडकन खाली आला आणि त्याने बदनामीचे खटले ठोकले. जुलै १९०७ मध्ये लिव्हरपूलच्या कोर्टात मुख्य खटला उभा राहिला. लिव्हरकडून एडवर्ड कार्सन, पेपरकडून रुफस आयझॅक्स. आयझॅक्सने लवकरच हात टेकले आणि तडजोड ५० हजार पौंडांवर झाली, बाकीच्या पेपरांकडून आलेलं धरून आकडा ९१ हजारांच्या आसपास जातो. मराठी वाचकाला ही दोन्ही नावं वेगळ्या ठिकाणी भेटलेली असतात: आयझॅक्स म्हणजे पुढचा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग, आणि कार्सन म्हणजे १९१९ मध्ये लंडनला टिळकांनी चिरोलवर घातलेल्या खटल्यात चिरोलच्या बाजूने उभा राहिलेला वकील. टिळक तो खटला हरले. लिव्हर जिंकला, आणि हा पैसा खिशात न घालता त्यातला मोठा भाग त्याने लिव्हरपूल विद्यापीठाला दिला. सिव्हिक डिझाइनचं अध्यासन त्यातून उभं राहिलं, म्हणून त्या प्राध्यापकपदाला अजूनही लिव्हरचं नाव आहे.

ही कल्पना मुळात कुणाची यावर दोन मतांच्या दोन पाट्या आहेत. एक पाटी म्हणते की सगळं श्रेय वास्तुशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स रायली यांचं. ते १९०४ पासून तिथे होते, बोलण्यात पटाईत, पैसेवाल्याला आपल्या बाजूला वळवण्यात त्याहून पटाईत, आणि अमेरिकेतल्या भव्य शहरं आखण्याच्या चळवळीचा त्यांच्यावर चांगलाच पगडा होता. दुसरी पाटी म्हणते की स्वतः गाव वसवत असलेल्या लिव्हरला कुणी पटवायची गरजच नव्हती, त्याच्या डोक्यात रस्ते आणि बागा आधीपासूनच होत्या. रायलींचं लिखाण भरपूर उपलब्ध आहे आणि लिव्हरचं त्या मानाने कमी, त्यामुळे पहिली पाटी जास्त ऐकू येते एवढंच. पोर्ट सनलाइटचा काळ बघितला तर दुसरी अगदीच टाकाऊ वाटत नाही. तिसरी गोष्ट काळाची. ब्रिटिश संसदेचा घरबांधणी आणि नगररचनेचा पहिला कायदा डिसेंबर १९०९ चा, म्हणजे विभाग आणि कायदा एकाच वर्षातले. नगररचना करणारी माणसं लागणार हे तेव्हा लिव्हरपूलमध्ये बऱ्याच जणांना कळलेलं होतं.

आता "जगात पहिला" चं काय. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग तांत्रिक विद्यालयात योझेफ ब्रिक्स आणि फेलिक्स गेन्त्स्मर यांनी १९०७-०८ च्या सुमारास शहर बांधणीचं सेमिनार सुरू केलं होतं, म्हणजे तारीख बघायची तर लिव्हरपूल मागे पडतं. हार्वर्डमध्ये १९०९ च्या सुमारास नगररचनेचा कोर्स चालू झाला पण तो लँडस्केप आर्किटेक्चरच्या पोटात, तिथे नगररचनेची स्वतंत्र शाळा व्हायला १९२९ उजाडलं. बर्मिंगहॅमला रेमंड अनविन शिकवायला लागले ते १९११ ला. मग लिव्हरपूलच्या बाजूचे लोक म्हणतात की सेमिनार आणि कोर्स वेगळे, स्वतःचं अध्यासन, स्वतःचा डिप्लोमा आणि स्वतःचं नियतकालिक असलेला विभाग वेगळा, आणि या तीन गोष्टी एकत्र आधी लिव्हरपूललाच आल्या. हा युक्तिवाद बऱ्यापैकी टिकतो. फक्त त्यात विभाग या शब्दाची व्याख्या निकाल लागल्यावर ठरवल्यासारखी वाटते, म्हणून जर्मन अभ्यासक हसतात तेही चूक नाही. इंग्रजी जगातला पहिला म्हटलं तर कुणाचं काही म्हणणं नसावं.

पहिले प्राध्यापक स्टॅन्ली डेव्हनपोर्ट अ‍ॅडशेड, १९०९ पासून. सोबत बागा आणि परिसर रचनेसाठी थॉमस मॉसन, आणि कामकाजात शहराचे इंजिनिअर जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांचंही नाव घेतलं जातं. ब्रॉडी हे भलतंच प्रकरण. लिव्हरपूलभोवतीचा क्वीन्स ड्राइव्ह हा रिंग रोड त्यांचा, तयार काँक्रीटच्या भिंती जोडून घरं उभी करायचा प्रयोग त्यांचा, फुटबॉलच्या गोलला मागे जाळी लावायची कल्पनाही त्यांचीच (गोल झाला की नाही यावरून भांडणं व्हायची म्हणून), आणि १९१२ मध्ये नवी दिल्ली कुठे वसवायची हे ठरवणाऱ्या समितीत लट्यन्स आणि स्विंटन यांच्याबरोबर तिसरा माणूस हाच. नवी दिल्लीबद्दल बोलताना आपण लट्यन्सवर थांबतो, लिव्हरपूलच्या गटार आणि रस्त्यांच्या या माणसाची आठवण फारशी निघत नाही.

वर्ग सुरुवातीला शहरातल्या ब्लूकोट इमारतीत भरायचे. ही अठराव्या शतकाच्या सुरुवातीची धर्मादाय शाळा, मुलं १९०६ ला वेव्हरट्रीच्या नव्या इमारतीत गेली आणि ही रिकामी पडली, पाडतात की काय अशी वेळ आली तेव्हा लिव्हरने मध्ये पडून वाचवली. विटांची, तीन बाजूंनी अंगणाला कवेत घेणारी इमारत, खिडक्यांच्या कमानींवर गोबऱ्या गालांच्या देवदूतांची दगडी डोकी, बाहेर बाजाराचा कलकलाट आणि आत फरसबंद अंगणात एकदम शांतता. शेजारच्या खोल्यांत चित्रकारांचा एक क्लब. नगररचना शिकायला याच्याहून बरी जागा मिळाली नसती असं म्हणणारे बरेच आहेत, आणि फोटो बघून ते पटतं.

विद्यार्थ्यांच्या कामगिरीत सगळ्यात जुनी आणि आजही पायाखाली सापडणारी म्हणजे अर्नेस्ट प्रेस्टविच यांची. १९१० मध्ये लिव्हरने पोर्ट सनलाइट पुरं करण्यासाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा लावली. गावात तोवर भरतीचं पाणी शिरणाऱ्या घळी होत्या आणि घरं त्या घळींच्या काठाकाठाने वळत गेलेली. घळी बुजवत आणल्यावर मधे मोठी मोकळी जागा पडली, तिचं करायचं काय हा प्रश्न होता. तिसऱ्या वर्षातल्या प्रेस्टविचने तिथून दोन सरळ रुंद अक्ष काढले, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि बक्षीस मारलं. मॉसन आणि कंपनीच्या वास्तुरचनाकाराने त्यात फेरफार केले पण हाडं तीच राहिली. आज त्या लांब हिरवळीच्या टोकाला लेडी लिव्हर आर्ट गॅलरी दिसते (१९२२ ला उघडलेली), तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपण एका विद्यार्थ्याच्या स्पर्धेच्या कागदात उभे आहोत. खुसपट काढणाऱ्या लोकांचं म्हणणं असं की जुनी वळणदार वाडी छान होती आणि पोराने पॅरिसची नक्कल आणून घातली, यात थोडं तथ्य आहे, दोन्ही भागांतून चालताना गावाचा सूर मधेच बदलतो हे जाणवतं.

१९१० लाच टाउन प्लॅनिंग रिव्ह्यू हे त्रैमासिक निघालं, संपादक पॅट्रिक अबरक्रॉम्बी. ते अजून लिव्हरपूल विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून निघतं. १९७९ मध्ये याच घरातून विकसनशील देशांसाठी दुसरं नियतकालिक सुरू झालं, थर्ड वर्ल्ड प्लॅनिंग रिव्ह्यू, तिसरं जग हा शब्द जुना झाल्यावर त्याचं नाव बदललं. अ‍ॅडशेड १९१४ मध्ये लंडनला गेले आणि पुढच्या वर्षी अध्यासन अबरक्रॉम्बींकडे आलं, ते १९३५ पर्यंत. त्या वीस वर्षांत डब्लिनच्या नगररचनेची स्पर्धा जिंकणं, डॉन्कास्टरचा प्रादेशिक आराखडा, ग्रामीण इंग्लंड जपण्याची संस्था, असं बरंच काही. १९४३ चा लंडन परगण्याचा आराखडा फोरशॉ यांच्याबरोबर आणि १९४४ चा बृहद् लंडनचा, हे मात्र लिव्हरपूल सोडल्यावरचे, तरी ते लिव्हरपूलच्या खात्यात जमा धरायची पद्धत आहे. नंतर त्यांनी हाँगकाँग, कोलंबो वगैरे शहरांचेही आराखडे केले.

विल्यम हॉलफर्ड आणि गॉर्डन स्टीफन्सन हे दोघे इथूनच शिकलेले आणि दोघेही पुढे लिव्हर प्राध्यापक झाले. हॉलफर्ड जन्माने जोहान्सबर्गचे, १९३० ची रोमला जाऊन शिकायची शिष्यवृत्ती, १९४७ च्या ब्रिटिश नगररचना कायद्याच्या मागे जी माणसं होती त्यात एक, आणि १९५७ मध्ये ब्राझिलिया या ब्राझीलच्या नव्या राजधानीच्या आराखड्याची स्पर्धा ज्या परीक्षकांनी ठरवली त्यात एक. स्टीफन्सनने पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात काम केलं होतं (तोच ज्याने चंदीगड केलं), स्टीव्हनेज या नव्या शहराच्या पहिल्या आराखड्यात होता, १९४८ मध्ये लिव्हरपूलला परतला आणि विभागासाठी अबरक्रॉम्बी चौकाजवळ एक आटोपशीर इमारत स्वतःच डिझाइन केली, तिला आता त्याचंच नाव आहे. एमआयटीला जायचं ठरलं तेव्हा अमेरिकेने व्हिसा नाकारला, म्हणून तो टोरांटोला गेला. १९५५ चा पर्थ आणि फ्रीमँटलचा आराखडा हेपबर्नबरोबर त्याने केला, पश्चिम ऑस्ट्रेलियात तो लिव्हरपूलपेक्षा जास्त ओळखला जातो. चौकाच्या अबरक्रॉम्बी या नावाचा प्राध्यापकांशी संबंध नाही, तो एका सेनापतीवरून आहे, स्पेलिंगही वेगळं, पण नवख्या माणसाची गल्लत होतेच.

भूगोलाची बाजू वेगळी चालत आली. पर्सी मॉड रॉक्सबी १९०४ पासून भूगोल शिकवत होते, जहाजमालक जॉन रँकिन यांच्या नावाचं अध्यासन १९१७ मध्ये त्यांना मिळालं आणि त्याच वर्षी ऑनर्सचा अभ्यासक्रम. ब्रिटनमधला पहिला भूगोल ऑनर्स हाच असं लिव्हरपूलवाले सांगतात, अ‍ॅबरिस्टविथलाही १९१७ मध्येच फ्लूर यांचं अध्यासन झालं, त्यामुळे पुन्हा पहिलेपणाचं तेच त्रांगडं. रॉक्सबींना चीनचा नाद, निवृत्तीनंतर तिकडेच गेले आणि १९४७ मध्ये बीजिंगला वारले. त्यांच्यानंतर एच. सी. डार्बी काही वर्षं होते. आफ्रिकेतल्या लोकसंख्येवर मॅन्सेल प्रोथेरो आणि ब्रिटनमधल्या लोकसंख्येच्या इतिहासावर रिचर्ड लॉटन यांचं काम याच विभागातलं.

या दोन शाखा जवळजवळ एक शतक एकाच आवारात शेजारी राहून वेगळ्या होत्या, आणि २०१० च्या आसपास एका नावाखाली आल्या. त्या एकत्र येण्याला कुणी प्रशासनाची सोय म्हणतं आणि ते असेलही, पण मूळ शोधायला गेलं तर दोन्हीकडे पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार सापडतो. आधी पाहणी मग आराखडा हे गेडिसचं सूत्र अबरक्रॉम्बींनी उचललं, आणि रॉक्सबी ज्या हर्बर्टसनच्या नैसर्गिक प्रदेशांच्या कल्पनेवर वाढले तो हर्बर्टसन एकेकाळी गेडिसचाच सहायक. हाच गेडिस १९१४ ला नगररचनेचं प्रदर्शन भरवायला भारतात आला, १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा गावांचे अहवाल केले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला, मालवणचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांना परदेशी शिकायला पाठवण्यात त्याचा हात होता. म्हणजे लिव्हरपूल आणि मुंबईत सरळ रस्ता नाही, पण एक तिकीट दोन्ही ठिकाणी चालतं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याबद्दल मात्र सावध राहायला हवं: तो १९०९ च्या ब्रिटिश कायद्याचा भाऊ म्हणून सांगितला जातो, पण जमिनी एकत्र करून पुन्हा वाटायची आपली टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम फ्रँकफुर्टच्या १९०२ च्या आदिकेस कायद्याला जास्त जवळची आहे.

अलीकडे विभागाची ओळख भौगोलिक डेटा सायन्सच्या प्रयोगशाळेमुळे आहे: जनगणना, दुकानं, प्रवास यांचे आकडे घेऊन गल्लीगल्लीचे नकाशे. भूगोलाचे वर्ग रॉक्सबींच्या नावाच्या इमारतीत, नगररचनेचं घर स्टीफन्सनच्या.