'ट्रेनी' म्हणजे नेमका कोण? नाशिकच्या कारखान्यांतील एका शब्दाची पार्श्वभूमी

अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यात एकाच लाइनवर तीन तरुण उभे असतात. तिघांनाही 'ट्रेनी' म्हणतात, पण तिघांचा कायदा वेगळा असतो. रोजगारनिर्मितीच्या सरकारी आकड्यांवर बोलण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा.

मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याने 1964 पासून सवलती दिल्या आणि त्यातून नाशिकलाही कारखाने मिळाले. त्या काळी शिकाऊ उमेदवारीचा अर्थ सरळ होता. आयटीआय झालेला मुलगा 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार करून अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, व्हायचा. कलम 18 नुसार तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. मात्र कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क त्यालाही आहे, आणि हे आजही अनेकांना ठाऊक नसते.

खरा गुंता 240 या आकड्याचा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतील (कारखान्यातील नोकरीच्या अटींचे सरकारी नमुना-नियम) कलम 4-सी सांगते की, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेल्या) किंवा टेम्पररी कामगाराचे मागच्या 12 महिन्यांत एकूण 240 दिवस भरले, तर त्याला पर्मनंट करावे. मस्टरवर नाव सलग होते की नव्हते, याने फरक पडत नाही. म्हणून 'ब्रेक' आला. सात महिने म्हणजे साधारण 210 दिवस. तिथे थांबवायचे, पुढचे काही महिने दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या ठेकेदाराच्या हजेरीवर काढायला लावायचे आणि मग परत बोलवायचे. पर्मनंट होऊ नये या हेतूने वर्षानुवर्षे टेम्पररी ठेवणे ही राज्याच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली. पण 'हेतू' सिद्ध करायचा कामगाराने, आणि त्याच्याकडे बहुधा जुने गेटपास आणि दोन-चार पगारस्लिपा एवढाच पुरावा असतो. त्यातही 4-सी मध्ये शब्द आहेत 'बदली' आणि 'टेम्पररी'. नेमणूकपत्रावर 'ट्रेनी' लिहिले की वाद 240 दिवसांचा उरत नाही. हा मुळात कामगार आहे का, इथूनच भांडण सुरू होते. आठ तास तेच मशीन, तेच टार्गेट, शिकवणारा कोणी नाही, हे दाखवता आले तरच बाजू टिकते.

त्यानंतर सरकारी धोरणही याच शब्दाकडे झुकत गेले. 2013 साली मधल्या संस्थेमार्फत 3 ते 36 महिने ट्रेनी पुरवण्याची योजना आली. 2022 च्या अखेरीस ती मागे घेतली गेली. 2014 च्या कायदादुरुस्तीनंतर अप्रेंटिसचे प्रमाण मनुष्यबळाच्या 2.5 ते 10 टक्के ठरले. 2019 मध्ये वरची मर्यादा 15 टक्के झाली आणि 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणे सक्तीचे झाले. ही मोजणी ठेकेदाराची माणसे धरून होते. 2016 पासून केंद्र विद्यावेतनाच्या 25 टक्के, कमाल 1,500 रुपये, भरून देऊ लागले. करारातच तशी अट नसेल, तर उमेदवाराला पुढे नोकरी देण्याचे बंधन मात्र कुठेच आले नाही. प्रत्येक मालकाने भरतीचे आपले धोरण ठरवावे, एवढेच कायदा सांगतो.

जुलै 2024 मध्ये राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, थेट बँक खात्यात. मुदत 6 महिन्यांची होती, ती पुढे 11 झाली. आस्थापनेने महिन्याची हजेरी ऑनलाइन पाठवली नाही, तर पैसे तिथेच अडतात. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तरीही तेच होते. शेवटी हाती प्रमाणपत्र येते, नेमणूकपत्र नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कामगाराला पर्मनंटइतकेच वेतन आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही त्यातली चांगली बाजू. पण स्थायी आदेशांची सक्ती आता 300 कामगारांपासून आहे. महाराष्ट्रात ती 50 पासून होती. अंबडमधल्या लहान वर्कशॉपला, सुटे भाग बनवणाऱ्या मधल्या कारखान्याला 300 चा आकडा लांबचा आहे. तिथल्या मुलाने सही करण्याआधी पाहावे ते नेमणूकपत्राचे पहिले पान: करार 1961 च्या कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे, राज्याच्या योजनेचा आहे, की नुसते कंपनीच्या लेटरहेडवर 'ट्रेनी' लिहिले आहे.