ताकायामा : सानमाचीच्या गल्ल्या आणि हिगाशियामाची मंदिरवाट

जपानच्या गिफू प्रांतातील ताकायामा हे गाव चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. मियागावा नदीच्या पूर्वेला सानमाचीची लाकडी घरे आहेत आणि एनाको नदी ओलांडली की हिगाशियामाच्या पायथ्याशी मंदिरांची रांग लागते. आज ही दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत पायी पाहता येतात, कारण मुळात ती एकाच आराखड्यातून उभी राहिली.

या भागाचे, म्हणजे हिदाचे, नाव सुतारकामासाठी या आराखड्याहूनही फार जुने. येथे शेतजमीन थोडी आणि जंगल उदंड. म्हणून आठव्या शतकातील कायद्याने हिदाचे काही कर माफ केले आणि त्याऐवजी दर 50 घरांमागे 10 सुतार वर्षभरासाठी राजधानीत पाठवण्याची अट घातली. राजधानीतील महाल आणि मंदिरे उभारण्यास या कारागिरांचे हात लागले; ते कसब पिढ्यानपिढ्या हिदातही टिकून राहिले.

1585 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून सरदार कानामोरी नागाचिका याने हिदा जिंकले आणि पुढे टेकडीवर किल्ला बांधून त्याच्या पायथ्याशी गाव आखले. क्योतो डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने सरळ रस्ते काढले, उंचवट्यावर सामुराईंना जागा दिली, खाली व्यापाऱ्यांच्या तीन पेठा वसवल्या आणि पूर्वेच्या डोंगराशी मंदिरे नेली. ‘हिगाशियामा’ म्हणजे पूर्वेचा डोंगर. हे नावही क्योतोचेच. या वाटेवरील होक्के-जी मंदिरात कातो मित्सुहिरोची समाधी आहे. कुमामोतोच्या बलाढ्य कातो घराण्याची जहागीर 1632 मध्ये शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाने, काढून घेतली, तेव्हा घराण्याच्या या तरुण वारसाला ताकायामाला धाडण्यात आले आणि पुढच्याच वर्षी तो येथे वारला. मंदिराची मुख्य वास्तू किल्ल्यातून हलवून आणल्याचे सांगतात.

गावाला खरे वळण मिळाले ते 1692 मध्ये. हिदाची वनसंपत्ती आणि खाणी शोगुनला स्वतःच्या ताब्यात हव्या होत्या. कानामोरी घराण्याची दूर उत्तरेला बदली झाली, 1695 मध्ये किल्ला पाडला गेला आणि शोगुनचे अधिकारी ‘जिन्या’ नावाच्या कचेरीतून कारभार पाहू लागले. ही इमारत 1969 पर्यंत सरकारी कचेरी म्हणूनच वापरात होती. सरदार गेला, व्यापारी मात्र राहिले. त्यांच्या घरांच्या वळचणी ठेंगण्या, दर्शनी भागाला उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी आणि दारासमोरून वाहत्या पाण्याचा पाट. साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांच्या दारावर देवदारासारख्या सुगी झाडाच्या डहाळ्यांचा गोळा टांगतात. ताजा हिरवा गोळा नवी साके आल्याची वर्दी देतो आणि पुढे तो हळूहळू तपकिरी होत जातो.

रेल्वे येथे 1934 मध्ये पोहोचली. हा उशीर जुन्या घरांच्या पथ्यावर पडला, असे मला वाटते. 1975 मध्ये जपानने कायद्यात दुरुस्ती करून एकेकट्या वास्तूऐवजी संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची सोय केली आणि 1979 मध्ये सानमाचीची त्याखाली निवड झाली.

किल्ल्याच्या टेकडीवर आज तट-बुरूज नाहीत. तेथे शोरेन-जी मंदिराचा 1504 मधला सभामंडप उभा आहे. मिबोरो धरणामुळे त्याची शोकावा खोऱ्यातील मूळ जागा सोडावी लागली, तेव्हा 1961 च्या सुमारास तो सुटा करून येथे आणला आणि पुन्हा जोडला.