रायफलची नळी साफ करणं

रायफलची नळी साफ करणं म्हणजे गोळ्या झाडल्यावर बॅरलच्या आत उरलेली काजळी, शिसं, गोळीवरचं मेण आणि ओल बाहेर काढणं, आणि ते काढताना आतल्या चरांना किंवा नळीच्या तोंडाला साधा ओरखडाही न येऊ देणं. नव्या शूटर्सना पहिलाच भाग माहीत असतो. पण पॉइंट २२ ची, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलची, चांगली बॅरल नुसत्या शिशाच्या गोळ्यांनी सहजासहजी झिजत नाही, ती बिघडते ती बहुतेक वेळा चुकीच्या रॉडने, म्हणजे नळी पुसायच्या सळीने, घाईघाईत, मालकाच्याच हातून.

नळीच्या आत पिळदार चर असतात, पॉइंट २२ मध्ये साधारण १६ इंचात एक पूर्ण फेरा, त्यामुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती हवेत डगमगत नाही. गोळी नळीतून सुटते त्या शेवटच्या गोल कडेला क्राउन म्हणतात आणि अ‍ॅक्युरसीच्या बाबतीत अख्ख्या बॅरलमधली सगळ्यात नाजूक जागा हीच. कडेला एका बाजूला जरी खाच पडली तरी गोळीच्या बुडामागचा गॅस त्या बाजूने आधी निसटतो, गोळीला मागून तिरका धक्का बसतो आणि ती भलतीकडे जाते. खाच शोधायची सोपी युक्ती म्हणजे इअरबड, कडेवरून हलकेच फिरवा, कापसाचा तंतू जिथे अडकला तिथे काहीतरी आहे.

५० मीटरवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं ते याच अंतरावर, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून खेळायच्या थ्री पोझिशनमध्ये. १० मीटर एअर रायफलचा दहा तर नुसता अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि नवीन पनवेलमध्ये लक्ष्य शूटिंग क्लब चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरला त्यावर ४०० पैकी ४०० मारले होते. एवढ्याशा जागेत खेळ असल्यावर क्राउनवरची केसाएवढी खाचसुद्धा स्कोअरमध्ये दिसते.

म्हणून पहिला नियम, साफसफाई नेहमी मागून पुढे, म्हणजे गोळी बसते त्या चेंबरकडून तोंडाकडे. त्याच्याही आधी मॅगझिन काढा, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट काढा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्याने बघा, बोटाने चाचपा. रायफल स्टँडवर ठेवताना तोंड थोडं खाली, नाहीतर घाण विरघळवणारा सॉल्व्हंट मागे वाहत ट्रिगरमध्ये आणि लाकडात जातो. बोल्टच्या जागी बोअर गाइड बसवायचा, ही एक साधी नळी असते, तिच्यामुळे रॉड मधोमध राहतो आणि वाकून चेंबरच्या पुढचे चर घासत नाही. रॉड एकसंध हवा, कोटिंगवाला, मूठ बेअरिंगवर फिरणारी, म्हणजे टोकाला लावलेला कापडाचा तुकडा, पॅच, चरांबरोबर आपोआप वळत जातो. तुकडे जोडायचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड स्वस्त मिळतो पण तो मऊ असल्याने त्यात धुळीचे कण रुततात आणि मग तो आत पॉलिश पेपरसारखा फिरतो. एनसीसी केलेल्यांना पुल थ्रू, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी, आठवत असेल, तिथे दोरी तिरकी ओढली की ती क्राउनच्या एकाच बाजूला घासत राहते, त्यामुळे मॅच रायफलला ती पद्धत नको.

पॅच पुढून बाहेर आला की तिथेच काढून टाकायचा, घाण परत आत ओढायची नाही. पहिला पॅच काळाकुट्ट निघतो, दुसरा राखाडी, आणि रॉड ढकलताना हाताला कळतं की चेंबरच्या जरा पुढे एक जागा खरखरीत लागतेय, तिथे काजळीचं कडं साचलेलं असतं. पॉइंट २२ मध्ये ते साचतंच आणि ब्राँझ ब्रश लागतो तो मुख्यतः तेवढ्यासाठीच, स्टीलचा ब्रश कधीच नाही. तांबं काढणारे अमोनियावाले सॉल्व्हंट इथे कामाचे नाहीत कारण या गोळ्या शिशाच्या असतात, तांब्याचं जॅकेट मोठ्या बोअरच्या गोळ्यांना असतं.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका रेंजवर सगळ्यांची मिळून एक रायफल होती, बोल्ट काढायचा कंटाळा म्हणून जो तो तोंडाकडूनच रॉड घालायचा. एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, हळूहळू वाटीएवढा झाला आणि आम्ही महिनाभर श्वास, स्लिंग, गोळ्यांचा लॉट असं सगळ्याला दोष देत बसलो. शेवटी गनस्मिथने तोंडाकडचा थोडा भाग कापून नवीन क्राउन काढला आणि ग्रुप परत जुळला. आमच्यातली मुलं तो महिनाभर स्वतःलाच वाईट शूटर समजत होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

अति साफ करणंही चुकीचंच. एकदम कोऱ्या केलेल्या नळीतून पहिल्या गोळ्या इकडेतिकडे जातात, मेणाचा आणि शिशाचा पातळ थर परत बसला की मग ग्रुप जमतो, कधी पाचदहा शॉटमध्ये, कधी वीस लागतात. त्यामुळे मॅचच्या आदल्या रात्री ब्रश मारायचाच नाही, एखादा कोरडा पॅच पुरे.

एअर रायफलचं वेगळं. तिथे बंदुकीची दारूच नसते, नुसतं शिसं, त्यामुळे अधूनमधून फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या फिरवल्या की झालं. स्प्रिंगवाल्या रायफलच्या नळीत तेल मात्र अजिबात नको, दाबाखाली ते पेटतं आणि पेलेटचा म्हणजे छर्ऱ्याचा वेग बिघडतो.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या खाडीपासून पनवेलपर्यंत हवा इतकी दमट की एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर धुकं येतं, तेच थंडगार बॅरलवर आत-बाहेर येतं. घरी आल्यावर केस लगेच उघडायची नाही, रायफल आतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग एक कोरडा पॅच, मग तेलाचा जेमतेम ओलसर पॅच, बाहेरून तेलाचं फडकं. घामाच्या हाताचे ठसे दोन दिवसांत तांबूस होतात, म्हणून गाल टेकतो ती जागा आणि बोल्टची मूठ विसरू नका. फोमवाल्या केसमध्ये रायफल ठेवून देऊ नका, फोम ओल धरून ठेवतो. लायसन्सच्या नियमाप्रमाणे ती कुलूपबंद कपाटातच जाते, तिथे सिलिका जेल ठेवायचं आणि रंग बदलला की बदलायचं.

वापरलेले पॅच शिशाने भरलेले असतात, ते पिशवीत बांधून टाका, ओट्यावर किंवा जेवायच्या टेबलावर हे काम करू नका, आणि रेंजबाहेरच्या वडापावला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा, लहान मुलांना तर स्वतः समोर उभं राहून धुवायला लावा. पुढच्या वेळी रेंजवर पहिली गोळी घालण्याआधी तेल पुसायला एक कोरडा पॅच फिरवायचा, आणि मग साइटरला, म्हणजे नेम जुळवायच्या सुरुवातीच्या गोळ्यांना, बसायचं.