बॅक्टेरिया मुळाशी, तयारी पानात: झाडाला चांगला बॅक्टेरिया कळतो कसा, त्यामागची पार्श्वभूमी

सुडोमोनास किंवा बॅसिलस या बॅक्टेरियांची आळवणी, म्हणजे त्यांचं द्रावण मुळाशी ओतणं, आपल्याकडे द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोवाले बरेच शेतकरी करतात, आणि दुकानात बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं की हे चांगले बॅक्टेरिया वाईट बुरशीला मारतात किंवा तिची जागा अडवतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला जास्त भारी वाटतं, ते म्हणजे हे बॅक्टेरिया मुळाशी आलेत हे झाडाला स्वतःला कळतं आणि मग ते पार वरच्या पानापर्यंत तयारीत येतं.

झाडाला इम्युनिटीसारखं काही असतं हे आधी रोगाच्याच बाजूनं कळलं. 1961 मध्ये अमेरिकेत फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांना मोझॅक व्हायरस लावला, तर नंतर वरची पानंसुद्धा त्या व्हायरसला बरीच पुरून उरली. पुढे 1979 मध्ये रेमंड व्हाइट यांनी दाखवलं की तंबाखूला चक्क अॅस्पिरिन दिलं तरी असंच होतं. अॅस्पिरिन हे सॅलिसिलिक अॅसिडचंच एक रूप, त्यामुळे मग सॅलिसिलिक अॅसिड हाच झाडाचा धोक्याचा संदेश असं समीकरण पक्कं होत गेलं.

चांगल्या बॅक्टेरियांचं काम मात्र वेगळ्याच वाटेनं चाललेलं. क्लोपर आणि श्रोथ यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी मुळ्याच्या पिकावर दाखवलं की मुळांवर वाढणारे काही बॅक्टेरिया पीक वाढवतात, आणि 1980 मध्ये त्याचं कारण दिलं की सुडोमोनास मातीतलं लोह ओढून घेतो त्यामुळे बाकीच्या जंतूंची उपासमार होते. म्हणजे सगळी मारामारी मातीत, झाड बिचारं नुसतं बघतंय, असाच समज होता.

तो समज 1991 मध्ये मोडला, आणि एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या ठिकाणी. त्यातला नेदरलँड्समधला प्रयोग मला सगळ्यात स्वच्छ वाटतो. व्हॅन पीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्नेशन या फुलझाडाच्या मुळांना सुडोमोनासचा डब्ल्यूसीएस 417 हा स्ट्रेन, म्हणजे ठराविक वाण, दिला आणि मर रोगाची फ्युजेरियम बुरशी थेट खोडात टोचली. बॅक्टेरिया मुळातच राहिला, बुरशी खोडात, दोघांची गाठच पडली नाही, तरी मर कमी झाली! मग लढलं कोण, तर झाडच, दुसरं उत्तरच उरत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत काकडीच्या करप्यावर आणि तिसऱ्या एका कामात घेवड्यावर असंच दिसलं.

पुढे कॉर्ने पीटर्से यांच्या गटानं 1996 आणि 1998 मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपावर दाखवलं की ही तयारी सॅलिसिलिक अॅसिडशिवाय होते, तिला जॅस्मोनिक अॅसिड आणि इथिलीन ही झाडाचीच दुसरी संदेश-रसायनं लागतात. शिवाय झाड आधीपासून सगळी शस्त्रं काढून बसत नाही, रोग आला की मग जास्त वेगानं प्रतिकार करतं, त्यामुळे आळवणी रोग दिसायच्या आधी केली तरच या गुणाचा खरा उपयोग होतो.

पण झाडाला कळतं कसं? 1999 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बॉलर आणि फेलिक्स यांच्या गटानं दाखवलं की बॅक्टेरियाच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन प्रोटीनचा फक्त 22 अमिनो अॅसिडचा तुकडा झाडाच्या पेशी ओळखतात, आणि 2000 मध्ये तो ओळखणारा रिसेप्टर एफएलएस 2 सापडला. अडचण अशी की शेपटी चांगल्याला पण असते आणि वाईटाला पण, मग चांगल्यावर हल्ला का होत नाही? 2019 मध्ये एक उत्तर मिळालं, की डब्ल्यूसीएस 358 या दुसऱ्या स्ट्रेनसारखे सुडोमोनास ग्लुकॉनिक अॅसिड सोडून मुळाभोवतीचा सामू (पीएच) उतरवतात आणि फ्लॅजेलिनमुळे मुळात उठणारी प्रतिक्रिया दाबून टाकतात.

बॅसिलसची गोष्ट अजून वेगळी निघाली. त्याचं सरफॅक्टिन हे सात अमिनो अॅसिडचं कडं आणि त्याला चरबीची शेपटी असं रसायन 1968 मध्येच जपानमध्ये सापडलेलं, पण ते झाडाची प्रतिकारशक्ती जागवतं हे बेल्जियममधल्या मार्क ओंजेना यांच्या गटानं 2007 मध्ये घेवडा आणि टोमॅटोवर दाखवलं. सगळे रिसेप्टर प्रोटीन शोधत असताना 2011 मध्ये तंबाखूच्या पेशींवरच्या कामातून असं दिसलं की सरफॅक्टिन थेट पेशीच्या आवरणातल्या चरबीत घुसतं आणि पेशीला तेवढंच पुरतं. अलीकडच्या अरॅबिडॉप्सिसवरच्या कामात त्यातली नेमकी चरबी, म्हणजे स्फिंगोलिपिड, पुढे आली, आणि आवरणावर ताण पडला की उघडणाऱ्या चॅनेलमधून कॅल्शियम आत जाऊन संदेश सुरू होतो असं चित्र उभं राहतंय.

फ्लॅजेलिनच्या मानानं सरफॅक्टिन मात्र बरंच जास्त लागतं, म्हणजे मुळावर बसून ते भरपूर बनवणारा स्ट्रेन हवा, आणि सगळे बॅसिलस तेवढं बनवत नाहीत. आपल्याकडच्या पाकिटावर एका ग्रॅममध्ये किती जिवंत बॅक्टेरिया आहेत ते छापलेलं असतं, पण माझ्या मते घेताना स्ट्रेन कुठला आणि तो आपल्या पिकावर तपासलाय का, हे आधी विचारायला हवं.