पोलिसांचा बचाव आणि १९७९ ची अधिसूचना : एक पार्श्वभूमी

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. या पक्षकारांत एक वर्ग असा आहे की ज्याच्याविषयी खंडपीठाच्या मागणीच्या चार दशकांत फारसे बोलले गेले नाही. ज्यांच्यावर स्वतःवरच गुन्हा दाखल झाला आहे किंवा ज्यांची विभागीय चौकशी सुरू आहे, असे पोलीस अधिकारी आणि अंमलदार (शिपाई, हवालदार यांसारखे खालच्या हुद्द्यांचे पोलीस) हा तो वर्ग होय. त्यांच्या बचावाच्या तरतुदी वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या कारणांनी आल्या. त्यामुळे कोणते संरक्षण कोणत्या हुद्द्याला आणि कोणत्या टप्प्यावर मिळते, याचा गोंधळ पोलीस ठाण्यात जितका आहे तितकाच तक्रारदारांच्या मनातही आहे.

संस्थानकाळाबद्दल येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि येथील पोलिसांना मुंबईचेच कायदे लागू झाले. १८९० चा जिल्हा पोलीस कायदा व १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा एकत्र करून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम करण्यात आला, तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. शिक्षेचा अधिकार आणि तिची कार्यपद्धती त्याच्या कलम २५ ते २७ मध्ये आहे, तर तपशील १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांत आहे. चौकशीशिवाय बडतर्फी नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद ३११ मधील आश्वासन १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आलेले आहे.

खरा गुंता फौजदारी बाजूस आहे. सरकारी सेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालयाने दखल घेऊ नये, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ सांगत होते. मात्र १८९८ च्या संहितेत आणि नंतर १९७३ च्या संहितेतही हे संरक्षण ज्याला केवळ सरकारच, किंवा सरकारच्या मंजुरीनेच, पदावरून दूर करता येते अशा सेवकापुरते होते. पोलीस अधीक्षक ज्याला बडतर्फ करू शकतो तो शिपाई आणि हवालदार, तसेच परिक्षेत्राच्या पातळीवर ज्याला काढता येते तो उपनिरीक्षक, या वाक्यरचनेमुळे आपोआप बाहेर पडत असे. परिणामी एखाद्या फरार आरोपीला पकडताना झालेल्या झटापटीबद्दल खासगी फिर्याद दाखल झाली, तर उपअधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यासाठी मंजुरीचा प्रश्न उपस्थित होई आणि त्याच्याच हुकमावरून पुढे गेलेला शिपाई थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राही. बेकायदा जमाव पांगवताना केलेल्या कारवाईसाठी कलम १३२ चे वेगळे संरक्षण होते आणि ते हुद्दा पाहत नव्हते. परंतु अंमलदाराचे बहुतेक काम जमावासमोर नव्हे, तर नाकाबंदीवर, गस्तीत, समन्स-वॉरंट बजावताना आणि ठाण्यात चालते, हे कोणताही ठाणे अंमलदार सांगेल.

१९७३ च्या संहितेत कलम १९७ ला एक नवे पोटकलम जोडले गेले : सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचे काम सोपवलेल्या दलांच्या सदस्यांना हे संरक्षण अधिसूचनेने देण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. महाराष्ट्र सरकारने तो २ जून १९७९ रोजी वापरला. विशेष आणि अतिरिक्त पोलीस अधिकारी वगळता, सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचे काम ज्यांच्याकडे आहे अशा सर्व पोलिसांना, ते कोठेही सेवेत असोत, हे संरक्षण देण्यात आले. हुद्द्याची पायरी एका कागदाने पुसली गेली.

या निर्णयावर तेव्हापासून दोन बाजूंनी टीका होत आली आहे. मानवी हक्कांच्या खटल्यांत काम करणारे वकील म्हणतात की मूळ पोटकलमाचा हेतू दंगल आणि बंदोबस्त यांच्यापुरता होता. महाराष्ट्राने मात्र शब्द असे योजले की, चौकशीसाठी बोलावलेल्या माणसाला दोन दिवस बसवून ठेवणारा अंमलदारही सुव्यवस्थेच्या नावाखाली मंजुरी मागू शकतो. ही भीती निराधार नव्हती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील बेकायदा स्थानबद्धतेच्या एका तक्रारीत याच अधिसूचनेचा आधार मान्य केला आणि मंजुरीअभावी फिर्याद टिकली नाही. दुसरी बाजू बचावाच्या वकिलांची आहे, आणि प्रस्तुत लेखकाला तिच्यात अधिक न्याय दिसतो. संरक्षण द्यायचेच असेल तर ते हुकूम देणाऱ्याला मिळावे आणि हुकूम पाळणाऱ्याला नाकारावे, याला कोणतेही समर्थन नाही. अधिसूचना फार व्यापक असेल, तर तिची मर्यादा कृत्याच्या स्वरूपावरून ठरली पाहिजे, खांद्यावरच्या फितीवरून नव्हे.

न्यायालयांनीही शेवटी कृत्याकडेच पाहिले आहे. कृत्य आणि कर्तव्य यांच्यात वाजवी संबंध हवा, केवळ वर्दी अंगावर असणे पुरेसे नाही, हे सूत्र १९५० च्या दशकातच स्थिर झाले. पण ते लावताना एकवाक्यता राहिली नाही. १९५१ च्या अधिनियमातील कलम १६१ याचे उदाहरण आहे. कर्तव्याच्या नावाखाली किंवा त्याच्या मर्यादेबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांत दाखल झाला नाही तर तो चालवू नये, आणि सरकारची पूर्वमंजुरी असल्यास दोन वर्षांपर्यंत दाखल करता यावा, असे हे कलम सांगते. १९६३ मध्ये खोटा पंचनामा केल्याचा आरोप असलेल्या एका हेड कॉन्स्टेबलला सर्वोच्च न्यायालयात या मुदतीचा लाभ मिळाला, कारण पंचनामा करणे हे त्याचे कर्तव्यच होते आणि त्याच्याच आडून ते कृत्य घडले होते. १९६६ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने लाच घेण्याला, आणि तपासाच्या नावाने माणसाला डांबून मारहाण करण्याला, हे छत्र नाकारले. पुढे २०२० मध्ये कर्नाटकातील प्रकरणात अधिकाराचा अतिरेक झाला तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर मंजुरी लागेल, असे सांगण्यात आले. १९६६ आणि २०२० हे दोन्ही निवाडे आज एकाच युक्तिवादात समोरासमोर ठेवले जातात. एक फिर्यादीचा वकील वाचून दाखवतो, दुसरा बचावाचा.

काही कृत्ये मात्र कोणत्याही वाचनात बसत नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत कोठडीतील तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली व त्यांना बडतर्फ करण्यात आले. अटक हे कर्तव्य असू शकते. मृतदेहाची विल्हेवाट लावणे हे कोणत्याही कर्तव्याच्या जवळपासही येत नाही. मंजुरीची तरतूद प्रामाणिक पोलिसाला त्रासदायक फिर्यादीपासून वाचवण्यासाठी आहे. अशा प्रकरणांत ती पुढे केली जाते तेव्हा तिचे सर्वांत मोठे नुकसान प्रामाणिक पोलिसालाच सोसावे लागते.

भ्रष्टाचाराच्या खटल्यांची स्थिती याहून वेगळी आणि बरीच सरळ आहे. तेथे १९४७ च्या कायद्यापासूनच, आणि नंतर १९८८ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये, सेवकाला पदावरून काढण्यास जो सक्षम आहे त्याने मंजुरी द्यायची असते. त्यामुळे शिपायालाही हे संरक्षण पहिल्यापासून मिळाले. त्याच्यासाठी ती मंजुरी पोलीस अधीक्षकाकडून येते. सापळा प्रकरणांतील, म्हणजे लाच घेताना रचून पकडलेल्या प्रकरणांतील, बचाव म्हणूनच बहुतेकदा मंजुरीच्या आदेशावर केंद्रित होतो : कागदपत्रे पाहूनच सही केली का आणि सही करणारा खरोखर सक्षम होता का, हे दोन प्रश्न सापळ्याच्या साक्षीइतकेच महत्त्वाचे ठरतात. २०१८ मध्ये आलेल्या कलम १७अ ने निर्णयांशी संबंधित आरोपांच्या चौकशीलाही पूर्वमान्यता आवश्यक केली, परंतु लाच घेताना जागीच झालेल्या अटकेला ती लागू नाही, म्हणून ठाण्यातील सामान्य प्रकरणात तिचा उपयोग मर्यादित आहे.

विभागीय चौकशीत यांपैकी कोणतेही संरक्षण चालत नाही, आणि अंमलदाराची नोकरी बहुधा तेथेच जाते. कसुरी अहवाल (कर्तव्यातील चुकीबद्दल वरिष्ठांकडे जाणारा अहवाल), प्राथमिक चौकशी, दोषारोपपत्र, साक्षीपुरावा, अंतिम कारणे दाखवा नोटीस असा तिचा क्रम आहे. आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागत नाही. तो अधिक संभाव्य वाटला तरी पुरते. वकील उभा करण्याचा हक्क सर्वसाधारणपणे नसतो. सादरकर्ता अधिकारी, म्हणजे चौकशीत खात्याची बाजू मांडणारा, कायद्याचा जाणकार असेल तर कसूरदारालाही वकील नाकारणे अन्यायाचे ठरते, असे १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात म्हटले, पण त्याचा आधार घेण्याइतकी माहिती किती हवालदारांना असते? १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रस्तावित शिक्षेविरुद्ध म्हणणे मांडण्याची दुसरी संधी संविधानातून काढून टाकली, तर १९९० मध्ये चौकशी अहवालाची प्रत देणे बंधनकारक ठरले. १९९९ च्या निवाड्यानंतर, एकाच घटनेवर आणि एकाच पुराव्यावर गुंतागुंतीचा गंभीर खटला चालू असेल तर विभागीय चौकशी थांबवण्याची मागणी करता येते, कारण चौकशीत बचाव उघड करावा लागला तर खटल्यात हात रिकामे राहतात. २०१५ पासून निलंबन दोषारोपपत्राशिवाय तीन महिन्यांपलीकडे लांबवण्यावर बंधन आले. निलंबनकाळात पगाराऐवजी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्यावर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी या सगळ्यांतील हाच निवाडा सर्वाधिक उपयोगाचा ठरला आहे.

पोलिसाला वकील देणारी संघटना येथे नाही, याचेही कारण इतिहासात आहे. पोलीस दलांच्या संघटना स्वातंत्र्यावर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध आणले आणि ऑगस्ट १९८२ मधील मुंबईच्या पोलीस आंदोलनानंतर राज्यातील कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. कर्तव्य बजावताना झालेल्या कृत्याबद्दल सरकार बचावाचा भार उचलू शकते. मात्र कृत्य कर्तव्यातील होते की नाही, हे त्याच वरिष्ठांनी ठरवायचे असते ज्यांनी निलंबनाचा आदेश काढलेला असतो.

तक्रारीची दारे मात्र या काळात वाढत गेली, आणि ते आवश्यकच होते. १९९६ मध्ये अटकेबाबतचे निर्देश आले, २००६ पासून कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली, २०१४ मध्ये राज्य व विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद झाली, तर २०२० मध्ये ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे आदेश झाले. त्याच वेळी उलट दिशेचा बदलही घडला : २०१६ च्या राज्य दुरुस्तीने सरकारी सेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधीच दंडाधिकाऱ्याला मंजुरी पाहावी लागू लागली आणि नव्वद दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाऊ लागले. कॅमेऱ्यांचा लाभ केवळ तक्रारदारालाच होतो, असे नाही. खोट्या आरोपातून सुटलेल्या अंमलदाराला चित्रीकरण आणि स्टेशन डायरीतील वेळेवर झालेली नोंद यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा मिळत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जुन्या कलम १९७ ची जागा कलम २१८ ने घेतली. आता मंजुरीच्या मागणीवर १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती दिली गेली असे मानले जाते, आणि लैंगिक अत्याचारांच्या ठरावीक गुन्ह्यांत तिची गरजच नाही. कलम २२३ नुसार खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपित सेवकाचे म्हणणे आणि त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवावा लागतो. जुन्या संहितेखालील अधिसूचना नव्या संहितेच्या व्यावृत्ती कलमाने (जुने आदेश चालू ठेवणाऱ्या कलमाने) जिवंत ठेवल्यामुळे १९७९ ची अधिसूचनाही तिच्यासोबत पुढे आली आहे. गुन्हा रद्द करण्याचे अर्ज आणि अटकपूर्व जामीन आता कोल्हापुरात ऐकले जातात. सेवाविषयक वाद मात्र १९९१ पासून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे आहेत. त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे असल्यामुळे बडतर्फीला आव्हान देणारा येथील अंमलदार आजही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जातो.