सोलापूर कुठल्या भाषेत लिहिलंय? थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामांच्या, गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी, जिथं अक्षतांचा सोहळा होतो तिथं, कधी उभं राहिलायत का? बाराबंदी घातलेली माणसं, सात नंदीध्वज, आणि दुपारच्या उन्हात मुठीत अक्षता धरून थांबलेली ही एवढी गर्दी. संमती, म्हणजे त्या लग्नाचे मंत्र, वाचायला लागतात आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' ऐकू आलं की सगळीकडनं तांदूळ उडतात, केसात जातात, कॉलरमध्ये जातात. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून टाकायचो, मुठीतले निम्मे तांदूळ घामानं हाताला चिकटून राहायचे ते अजून आठवतं. दिड्डम म्हणजे काय विचारलं तर बाबा म्हणाले आधी टाक, मग विचार. घरी आल्यावर शेजारच्या अव्वांना विचारलं, त्या उखळात शेंगा चटणी कुटत होत्या, कुटता कुटताच त्यांनी सगळी गोष्ट सांगितली की कुंभाराच्या पोरीला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, पण ते पडले शिवयोगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लावलं आणि त्या लग्नाच्या अक्षता आपण अजून दरवर्षी टाकतो. गोष्ट अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. मला सगळी कळली.

साहित्यात संस्कृती कशी येते हा विषय निघाला की मला ती दुपार आणि ते उखळ आठवतं. आपण मराठी वाचणारे सोलापूरकर आपलं गाव मराठी पुस्तकात शोधतो, तिथं ते सापडतं पण, पण अर्धंमुर्धं. बाकीचं दुसऱ्या भाषांत पडलंय आणि त्याची आपल्याला नीट ओळख नाही, हे मला मनापासून सांगायचंय.

सुरुवात बाराव्या शतकातनं. सिद्धराम हे बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, त्यांची वचनं कानडीत आहेत आणि वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा, म्हणजे त्यांची खूण, येते. गावाला तेव्हा सोन्नलगी म्हणायचे. तेराव्या शतकात राघवांक कवीनं त्यांचं चरित्र काव्यात लिहिलं, तेही कानडीतच. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो 'शून्यसंपादने' या पंधराव्या शतकातल्या ग्रंथातला प्रसंग. अल्लमप्रभू हे दुसरे शरण सोन्नलगीला येतात तेव्हा तळ्याचं खोदकाम चालू असतं आणि ते सिद्धरामांना सरळ वड्डर म्हणतात. वड्डर म्हणजे दगड फोडणारा, माती उपसणारा. मग त्या दोघांत वाद होतो की ही सगळी बांधकामं करून आत काय साधलं, आणि शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जातात. आज संध्याकाळी आपण ज्या तळ्याकाठी पोरांना घेऊन फिरायला जातो त्या तळ्याची माती, ते काम, त्या कामाची जात आणि त्यावरचा वाद असं सगळं एका जुन्या ग्रंथात धरून ठेवलंय, आणि आपल्या शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

हाच धागा पुढं जयदेवीताई लिगाडेंनी धरला. त्या १९१२ साली सोलापुरातच जन्मल्या, सिद्धरामेश्वरांवर त्यांनी कानडीत त्रिपदीमध्ये, म्हणजे तीन-तीन ओळींच्या छंदात, अख्खं पुराण रचलं, आणि १९७४ ला मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, तो मान मिळालेल्या पहिल्या बाई. सोलापूरची बाई! मराठीतही लिहायच्या त्या. इथल्या किती मराठी घरांत त्यांचं नाव माहीत असेल, मला शंका आहे.

आता मराठीकडं येऊ. जिल्ह्यात पंढरपूर आहे म्हटल्यावर संत आलेच, मंगळवेढ्याचे चोखोबा, कान्होपात्रा, दामाजी. पण मी थांबतो माढा तालुक्यातल्या अरणला, सावता माळ्यांपाशी. 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' आपल्याला पाठ असतं, पण पुढची ओळ नीट बघा, 'लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी'. सावतोबा गेले १२९५ ला, आणि मिरची आपल्याकडं पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे कमीत कमी दोनशे वर्षांनी. माझ्या मते आधी तिथं दुसरं काहीतरी असणार, मिरी म्हणा, आणि नंतर गाणाऱ्यांच्या रानात जे पिकायला लागलं ते अभंगात शिरलं. काहीजण याला पाठात भेसळ म्हणतील. मला तर हे फार मोलाचं वाटतं, कारण त्या एका शब्दात कळतं की अभंग पोथीत बंद नव्हता, मोट हाकताना, खुरपताना माणसं तो गात होती आणि आपलं रान त्यात घालत होती. पुढं त्याच अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी येते. शेतातली अवजारं हवी असतील तर वेगळ्या इतिहासाच्या पुस्तकाची गरजच नाही.

मग राम जोशी. पेशवाईच्या शेवटच्या काळातले, सोलापूरच्या शिकल्या-सवरल्या ब्राह्मण घरातले, पण ओढ तमाशाच्या फडाची, त्यापायी घर सुटलं, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, पण डफ काही सुटला नाही. 'सुंदरा मनामध्ये भरली' सगळ्यांना माहीत आहे, पण 'हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी' हीसुद्धा त्यांचीच. एकाच माणसानं शृंगार पण लिहिला आणि ढोंगी बुवांना पण झोडपलं, शिवाय मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गायल्या. पंडितांची भाषा आणि फडाची भाषा एकाच तोंडात आली ती इथं, आणि त्याची किंमत त्यांनी घर सोडून मोजली.

स्वातंत्र्यलढ्यातलं १९३० चं तर सोलापूरला वेगळं सांगायला नको. मे महिन्यात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली. तारीख बघा, गड्ड्याची यात्रा तोंडावर. आणि नावं बघा, नुसत्या चार नावांत सोलापूरच्या किती गल्ल्या आल्या. त्या पिढीचं दुःख आपल्यापर्यंत आलं ते कवितेतनं, आपल्या कवी कुंजविहारींच्या 'भेटेन नऊ महिन्यांनी' मधनं. फासावर जाणारा पोरगा आईला सांगतो की रडू नको, मी परत तुझ्याच पोटी येतो. आमच्या आजीला ती तोंडपाठ होती, पण शेवटच्या ओळीपर्यंत ती कधी पोचायची नाही, आधीच आवाज जायचा.

बार्शीचे अमर शेख याच मातीतले. मेहबूब हुसेन पटेल हे मूळ नाव, गिरणीत काम, आणि पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठ्यांबरोबर डफावर मराठी. आणि अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे, १९८४ ला 'अक्करमाशी' आलं. त्यातली भूक आणि जात यावर खूप लिहून झालंय, मला मात्र त्यातलं घर विसरता येत नाही. आजी संतामाय आणि तिच्याबरोबर राहणारे दादा, मुसलमान, स्टँडवर हमाली करणारे, आणि या दोघांनी पोराला वाढवलेलं. बाप कोण, जात कोणती, धर्म कोणता असं कागद विचारत होता आणि घर विचारत नव्हतं. सरहद्दीवरच्या आमच्या गावांत अशी घरं होती हे त्या पुस्तकामुळं लिहून राहिलं.

आता जे कमी आहे ते. १८७० च्या दशकात जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, भोंग्यावर अख्खं गाव उठायचं-जेवायचं. तेलंगणातनं आलेले पद्मशाली विणकर, त्यांचे हातमाग, मग पॉवरलूम, चादरी, टॉवेल, आणि घरात बिड्या वळणाऱ्या बायका. सोलापूरचं नाव देशभर ज्या चादरीनं नेलं तिच्यामागची माणसं घरी तेलुगू बोलतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतात, आणि मराठी कथा-कादंबरीत ती किती आली? माझ्या वाचनात तरी फार थोडी.

पूर्व भागात माझ्या मित्राच्या घरी खाली दोन लूम होते. त्याची आई मागच्या खोलीत सूप मांडीवर घेऊन बसायची, पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, आणि लुमाच्या खडखडाटात सुद्धा तिचं एक तेलुगू गाणं चालू असायचं, तिच्या आईनं शिकवलेलं. मित्राला अर्थ विचारला तर म्हणाला सासरी आलेल्या पोरीचं आहे, माहेरच्या वाटेवर पाणी भरलंय असं काहीतरी. मागच्या महिन्यात मुद्दाम गेलो, वही घेऊन. काकूंना आता डोळ्यानं कमी दिसतं, बिड्या बंद झाल्यात, पण गाणं सगळं येतं. त्या म्हणत होत्या, मित्र मराठीत सांगत होता, आणि मध्येच ते दोघं एका शब्दावर अडले, त्याला मराठीत काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला.